मालेट: हेस्टिंग्जपासून पुण्याच्या संगमापर्यंत एका दुर्मीळ इंग्रजी आडनावाचा माग

मुठाकाठ:

मंडळी, उत्तर पेशवाई वाचणाऱ्या कुणालाही चार्ल्स मालेट हे नाव परकं नाही. १७८६ पासून १७९७ पर्यंत तो ईस्ट इंडिया कंपनीचा वकील म्हणून पुण्यात होता. मुळा-मुठेच्या संगमावर त्याची रेसिडेन्सी. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे, तिघांशीही त्याचा व्यवहार आला. रियासतकार सरदेसायांनी 'पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स'चा एक अख्खा खंड त्याच्या वकिलातीला दिला आहे. त्याच्या राजकारणावर आपल्याकडे भरपूर लिहून झालंय. मला गेले काही महिने वेड लागलंय ते त्याच्या आडनावाचं.

इंग्लंडात स्मिथ, ब्राउन, टेलर पायलीला पन्नास. मॅलेट किंवा मॅलेट्ट असं दोन 'एल'वालं आडनावही अधूनमधून भेटतं. पण एका 'एल'चं मालेट फारच थोड्या घरांत आहे. गंमत म्हणजे इतक्या मोजक्या घरांचं हे नाव इंग्लंडच्या लिखित इतिहासात जवळजवळ साडेनऊशे वर्षं दिसत राहतं.

सुरुवात विल्यम मालेटपासून. नॉर्मंडीतल्या ग्राव्हिलचा, म्हणजे आजच्या ल आव्हर बंदराजवळचा सरदार. १०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम इंग्लंडवर चालून गेला आणि हेस्टिंग्ज इथली लढाई जिंकला, तेव्हा हा त्याच्याबरोबर होता. 'आमचे पूर्वज हेस्टिंग्जला लढले' असं सांगणारी घराणी इंग्लंडात खंडीभर आहेत, आणि त्यांना खूश करायला पुढच्या शतकांत नामावळ्याही फुगवल्या गेल्या. लढाईत खरोखर हजर होते असं जवळच्या काळातल्या साधनांवरून सिद्ध होणारे जेमतेम पंधरा-वीस. त्यांत विल्यम मालेट पक्का आहे.

पक्का अशासाठी, की लढाई संपल्यावर एक विलक्षण काम त्याच्यावर आलं. पडलेला इंग्लिश राजा हॅरल्ड याचं प्रेत समुद्रकाठी पुरायची जबाबदारी ड्यूकने विल्यम मालेटवर सोपवली, असं पॉइटिएचा विल्यम या त्या काळच्या इतिहासकाराने नावानिशी लिहिलंय. हेस्टिंग्जवरच्या एका लॅटिन काव्यात हॅरल्डला पुरणाऱ्याचं नाव नाही, पण तो अर्धा नॉर्मन, अर्धा इंग्लिश आणि हॅरल्डचा स्नेही होता असं म्हटलंय. दोन्ही एकत्र वाचून अनेक अभ्यासक मानतात की मालेटची आई इंग्लिश असावी. जिंकणाऱ्याच्या फौजेत राहून हरलेल्या मित्राला मूठमाती देणारा माणूस. या घराण्याची नोंद इथून सुरू होते.

पुढे तो यॉर्कचा शेरीफ झाला. १०६९ च्या सप्टेंबरात डेन लोकांनी यॉर्क घेतलं, बरीचशी नॉर्मन शिबंदी कापली गेली, पण मालेट, त्याची बायको आणि दोन मुलं यांना जिवंत पकडलं. सुटून आला आणि दोनेक वर्षांत राजाच्या कामगिरीवर असताना मेला. बहुधा ईलीच्या दलदलीत, हेरवर्ड नावाच्या इंग्लिश बंडखोराविरुद्धच्या मोहिमेत.

आता १०८६ ची डूम्सडे पाहणी. आपल्याकडच्या जमाबंदीसारखीच: गाव कुणाचं, नांगर किती, सारा किती. सफोकमध्ये विल्यमचा मुलगा रॉबर्ट मालेट याच्याकडे दोनशेहून अधिक ठिकाणी जमिनी. पण मला सर्वांत आवडलेली नोंद बापाची आहे. हॉक्सन गावात बिशपचा आठवडी बाजार शनिवारी भरायचा. विल्यम मालेटने जवळच आय इथे किल्ला बांधला आणि किल्ल्यातच, त्याच शनिवारी, आपला बाजार सुरू केला. बिशपचा बाजार बसला. शेवटी त्याने तो शुक्रवारवर नेला. एवढा तंटा डूम्सडेत अगदी वारांसकट लिहून ठेवलाय!

बाप विल्यम मालेट, मुलगा रॉबर्ट मालेट. साधी गोष्ट वाटते, पण त्या काळी इंग्लंडात वंशपरंपरागत आडनाव ही चीज जवळपास नव्हतीच. सामान्य माणसाला ते मिळायला आणखी दोन-तीनशे वर्षं जायची होती. बापाचं टोपणनाव मुलाला जसंच्या तसं लागल्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत मालेट मोडतं.

रॉबर्टनंतर आयची जहागीर हातातून गेली. ती पुढे ब्लॉइसच्या स्टीफनकडे आली, जो नंतर राजाच झाला. पण तोवर हे नाव पश्चिमेला सॉमरसेटमध्येही दिसू लागलं होतं. तिथे आजही तीन गावं ते मिरवतात: शेप्टन मॅलेट, करी मॅलेट, सटन मॅलेट. करी मॅलेटचा बॅरन विल्यम मालेट हा १२१५ साली मॅग्ना कार्टा, म्हणजे राजाच्या सत्तेला वेसण घालणारी सनद, पाळली जावी म्हणून निवडलेल्या पंचवीस बॅरनांपैकी एक. त्याच्यामागे करी आणि शेप्टन मुलींकडे गेलं, मुलींबरोबर दुसऱ्या घराण्यांत गेलं. गावांना चिकटलेलं नाव मात्र सुटलं नाही.

इथे थांबतो. चार्ल्सपर्यंतची वाट प्रतिसादांत सांगेन, कारण ती सरळ नाही.

---

अनुजा_प:

सुरेख धागा, वाचनखूण साठवली. शनिवारच्या बाजाराची नोंद वाचून मजा आली, आमच्याकडे दोन गावांत यावरून अजून भांडणं होतात.

पण दादा, मुळात मालेट म्हणजे काय? मॅलेट म्हणजे लाकडी हातोडा, हे तर सुतारकामाच्या दुकानातही कळतं. लढवय्या माणूस, हातोड्यासारखा ठोकणारा म्हणून हे नाव पडलं असं इंटरनेटवर सगळीकडे दिसतंय.

---

मुठाकाठ:

अनुजाताई, हातोड्याची गोष्ट लोकांना फार आवडते, आणि नेमकी तीच मला सर्वांत कच्ची वाटते.

आडनावांचे अभ्यासक चार व्युत्पत्त्या देतात. पहिली हातोडा. अडचण अशी की जुन्या फ्रेंचमध्ये हातोड्याच्या शब्दात 'य'चा उच्चार आहे, 'मायेट'सारखा. घराण्याचं नाव मात्र अगदी जुन्या कागदांतही साधं मालेट. दुसरी, लॅटिन 'मालेडिक्टुस'वरून आलेला जुना फ्रेंच शब्द, अर्थ 'शापित'. तिसरी, ब्रिटनीचा संत मालो याच्या नावाचं लाडकं रूप. चौथी, मेरीचं 'मॅल' आणि त्याचं आणखी लाडाचं 'मॅलेट', म्हणजे आईच्या नावावरून मुलांना मिळालेलं आडनाव.

कुठली खरी? माझ्या मते प्रश्नच दोन भागांत तोडायला हवा. इंग्लंडात मेरी हे नाव रूढ झालं ते बाराव्या-तेराव्या शतकात, म्हणजे हेस्टिंग्जच्या मालेटला ते लागू पडूच शकत नाही. पण नंतरच्या शेकडो साध्या मॅलेट्ट कुटुंबांना, शेतकऱ्यांना, विणकरांना ते छान लागू पडतं. नॉर्मन सरदाराच्या बाबतीत मी 'शापित'च्या बाजूने झुकतो. नॉर्मन लोक एकमेकांना बिनदिक्कत वाईटसाईट टोपणनावं ठेवत आणि मुलं ती अभिमानाने चालवत. 'लाल्या', 'जाड्या', 'टकल्या' अशा अर्थाची नावं त्यांच्या बड्या घरांत सापडतात.

आणखी एक बारीक पुरावा. इंग्लंडातल्या मालेटांच्या ढालीवर निळ्या पार्श्वभूमीवर तीन सोनेरी शिंपले आहेत. फ्रान्समधल्या ग्राव्हिलच्या मालेटांच्या ढालीवर लाल पार्श्वभूमीवर तीन सोनेरी बकलं. आपल्या नावावर कोटी करणारं चिन्ह ढालीवर घ्यायची सरदारांना भारी हौस होती, आणि दोन्ही घरांत हातोडा मात्र नाही. ढाली नावापेक्षा नंतरच्या, त्यामुळे याला सिद्धता म्हणणार नाही. पण त्यांना स्वतःला आपलं नाव हातोडा वाटत नव्हतं, एवढं यावरून म्हणायला हरकत नसावी.

---

दप्तरी:

लेख आवडला. पुण्याच्या बाजूने थोडी भर घालतो.

चार्ल्स वॉर मालेट कंपनीच्या मुंबईच्या नोकरीत १७७० साली लागला, अजून विशीही ओलांडली नव्हती. पुण्याआधी तो खंबायतला रेसिडेंट होता. १७७५ मध्ये राघोबादादा पळत गुजरातेत आले तेव्हा खंबायतच्या नबाबाने हात वर केले, आणि त्यांना तिथून भावनगरमार्गे सुरतेला पोचतं करण्यात याच तरुण मालेटचा हात होता. पुढे बारभाईंच्या पुण्यात वकील म्हणून हाच माणूस आला. नानांना हा इतिहास ठाऊक नसेल असं कोण म्हणेल? त्यांचा सावधपणा त्या काळच्या पत्रव्यवहारात पानोपानी जाणवतो.

१ जून १७९० चा पुण्याचा तह हे त्याचं मोठं काम. टिपूविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम एकत्र. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७९१ मध्ये, त्याला बॅरोनेट केलं, म्हणजे वंशपरंपरागत 'सर' हा किताब दिला. या तहाच्या दरबाराचं थॉमस डॅनिएलने काढलेलं भव्य तैलचित्र लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. प्रतिमा शोधा आणि मोठी करून सावकाश बघा. शनिवारवाड्यातला गणेश महाल, मागे गणपतीची मूर्ती, कोरीव खांबांच्या ओळी, गादीवर सोळा वर्षांचे सवाई माधवराव, शेजारी कारभारी मंडळी. १८२८ च्या आगीत वाडा जळाला. तो महाल आतून कसा दिसत असेल हे डोळ्यांनी बघायची जी मोजकी साधनं उरली, त्यांत हे चित्र फार वर आहे.

पण ते वाचताना जपून. डॅनिएलने हे १८०५ मध्ये इंग्लंडात रंगवलं, ते जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून. आणि वेल्स स्वतः पुण्यात पोचला तो १७९२ मध्ये. म्हणजे रंगवणाऱ्याने आणि रेखाटणाऱ्याने, दोघांनीही तो दिवस पाहिलेला नाही. चेहरे वेल्सने समोर बसवून काढलेले, म्हणून विश्वासाचे. प्रसंगाची मांडणी मात्र जुळवलेली.

वेल्स १७९५ मध्ये साष्टीत लेण्यांची चित्रं काढताना तापाने गेला. त्याची मुलगी सुझाना हिच्याशी मालेटने १७९९ मध्ये लग्न केलं. वेल्सचे कागद असे मालेटच्या घरात आले आणि तिथून डॅनिएलकडे.

---

मुठाकाठ:

दप्तरीकाका, खंबायतचा दुवा दिल्याबद्दल मनापासून आभार. यात गंगाराम तांबटाचं नाव घ्यायलाच हवं. मालेटच्या पदरी काम करणारा हा पुण्याचा कारागीर-चित्रकार. वेरूळच्या लेण्यांची त्याने काढलेली चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. मालेटने वेरूळवर 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये निबंध लिहिला, तो गाजला. गंगारामाचं नाव आपल्याकडेही फार थोड्यांना माहीत आहे, याची मला खरोखर रुखरुख वाटते. मालेट घराण्याच्या कागदांमुळे का होईना, त्याचं काम टिकलं.

---

शंकासुर:

सगळं रोचक आहे, पण मूळ मुद्द्यावर येतो. संगमावरचा मालेट हा हेस्टिंग्जच्या मालेटचा वंशज, हे कशावरून? इंग्लंडात मोठं पद मिळालं की वंशावळ तयार करून घ्यायची पद्धत होतीच. आपल्याकडेही छत्रपतींच्या काळापासून भाटांनी किती घराणी सूर्यवंशाला नेऊन जोडली. आडनाव जुळलं म्हणजे रक्त जुळलं असं होत नाही.

---

मुठाकाठ:

रास्त शंका. म्हणूनच वर 'वाट सरळ नाही' म्हटलं होतं. उलट क्रमाने जाऊ, म्हणजे कुठे जमीन घट्ट आहे आणि कुठे भुसभुशीत ते कळेल.

चार्ल्सचा बाप अलेक्झांडर मालेट हा चर्चचा रेक्टर, म्हणजे गावचा पाद्री. सॉमरसेटमधलं कूम फ्लोरी आणि डॉर्सेटमधलं मेडन न्यूटन ही त्याची गावं. इथवर पॅरिश रजिस्टरांचा आधार आहे. इंग्लंडात बारसं, लग्न, मर्तिक चर्चच्या वहीत लिहायचा हुकूम १५३८ चा, त्यामुळे त्या सुमारापर्यंत मागे जाणं बऱ्याच घरांना जमतं. चार्ल्सच्या नावातलं 'वॉर' हेसुद्धा आडनावच आहे, सॉमरसेटमधल्याच हेस्टरकूमच्या जमीनदार घराण्याचं. नातेवाइकांचं आडनाव मुलाच्या नावात मधे घालायची तिकडची रीत. वंशावळ शोधणाऱ्याला अशी मधली नावं फार उपयोगी पडतात.

त्याच्या मागे सॉमरसेट-डेव्हनमधल्या मालेटांच्या शाखा. एन्मोरची शाखा थोरली आणि श्रीमंत. मध्ययुगाच्या उत्तरार्धात ही मंडळी तिथलीच जमीनदार होती याला दस्त, वारसाचौकशी, खटले असे कागद आहेत. इथवरही ठीक.

भुसभुशीत जागा त्याच्या मागे, आणि त्या दोन. पहिली: मॅग्ना कार्टावाल्या विल्यमची मालमत्ता मुलींकडे गेली, म्हणजे पुढचे मालेट त्याचे थेट पुरुषवंशज असणं अवघड, ते कुठल्या तरी भाऊबंदांकडून आलेले असणार. दुसरी: करीचे मालेट आणि आयचे मालेट यांचं नेमकं नातं काय, यावर वंशावळकारांत अजून एकमत नाही. त्या काळात गिल्बर्ट मालेट, ड्युरँड मालेट अशीही नावं भेटतात, त्यांतल्या कुणाकडून करीची पाती फुटली असेल असा कयास बांधतात.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: एकाच नॉर्मन कुळाच्या फांद्या असण्याचा संभव दांडगा आहे, कारण त्या काळात हे नाव जमीनदार वर्गात इतकं विरळ होतं. पण 'विल्यमपासून चार्ल्सपर्यंत अमुक पिढ्या' असा अखंड कोष्टकवजा दावा कुणी केला तर मी सही करणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जे. एच. राउंड नावाच्या कडक अभ्यासकाने अशा नॉर्मन दाव्यांची पिसं काढली. तेव्हापासून इंग्लंडातले गंभीर वंशावळकारही असल्या कोष्टकांपुढे दहादा विचार करतात.

---

कोकणकडा:

माझी शंका आर्थर सीटची. महाबळेश्वरला गाइड सांगतात की आर्थर मालेट नावाच्या साहेबाची बायको आणि मूल सावित्री नदीत बुडून गेले, आणि तो त्या टोकावर बसून नदीकडे बघत राहायचा. हा मालेट याच घरातला का?

---

मुठाकाठ:

हो, याच घरातला! सुझाना आणि चार्ल्स यांना आठ मुलगे झाले, त्यांतला हा आर्थर, मुंबई इलाख्याच्या सनदी नोकरीत होता. त्या टोकावर त्याने पहिलं घर बांधलं म्हणून ते नाव पडलं असं जुन्या नोंदी सांगतात. काही जण गव्हर्नर सर जॉर्ज आर्थरचं नाव घेतात. बुडाल्याची कथा मी गाइडांकडूनच ऐकली आहे, त्यामुळे तिला लोककथा म्हणून ठेवतो.

पण या धाग्याच्या दृष्टीने आर्थरचं मोठेपण वेगळंच आहे. नोकरी संपवून इंग्लंडला परतल्यावर त्याने ब्रिटिश म्युझियम आणि सरकारी दप्तरखान्यात बसून आपल्या घराण्याचा इतिहास जमवला आणि १८८५ मध्ये छापला. मालेट आडनावावर आज कुणीही लिहिलं तरी त्याला या पुस्तकावरून जावंच लागतं. महाबळेश्वरचा साहेब आणि या आडनावाचा इतिहासकार एकच. शंकासुरांची शंका या पुस्तकालाही लावावी, घरच्या माणसाने लिहिलेलं आहे. तरी कागद जमवण्याची त्याची चिकाटी बघून मला आदर वाटतो.

---

लंडनस्थ_वऱ्हाडी:

अरे वा, म्हणजे माझी रोजची वाट मालेटांच्याच नावाची! ब्लूम्सबरीतल्या मालेट स्ट्रीटवर लंडन विद्यापीठाचं सेनेट हाउस आहे, बर्कबेक कॉलेजही तिथेच. आपल्याकडची कितीतरी मुलं तिथल्या वाचनालयात बसून थीसिस लिहितात. एकच 'एल'. याचा पुण्याच्या मालेटशी संबंध आहे का?

---

दप्तरी:

आहे. चार्ल्सचा थोरला मुलगा अलेक्झांडर, दुसरा बॅरोनेट, राजनैतिक नोकरीत गेला. त्याचा मुलगा एडवर्ड मालेट, १८८२ मध्ये उराबी पाशाच्या उठावाच्या वेळी इजिप्तमध्ये ब्रिटनचा प्रतिनिधी होता, आणि १८८४ पासून बर्लिनला राजदूत. आफ्रिकेच्या वाटणीची ती बर्लिन परिषद भरली तिथे इंग्लंडच्या बाजूने बसलेला हाच. १८८५ मध्ये त्याने बेडफर्डच्या ड्यूकच्या मुलीशी लग्न केलं. ब्लूम्सबरीची बरीचशी जमीन बेडफर्ड घराण्याची, त्यांनी रस्त्यांना सोयऱ्यांची नावं दिली. जावयाच्या नावाचा रस्ता तो मालेट स्ट्रीट.

संगमावर बसून पेशव्यांशी बोलणी करणाऱ्याचा नातू बर्लिनमध्ये आफ्रिकेच्या नकाशावर बोलणी करतो. त्या नकाशाने कुणाचं काय झालं ते आपण जाणतोच. मालेटांचं कौतुक करताना हा भाग मी बाजूला ठेवू शकत नाही.

---

अनुजा_प:

काका, बरोबर आहे.

मला एक कुतूहल आहे, एन्मोरच्या 'थोरल्या आणि श्रीमंत' शाखेचं पुढे काय झालं? एलिझाबेथ मालेट नावाची एक मुलगी सापडली, तिला पळवून नेलं होतं म्हणे.

---

मुठाकाठ:

ताई, ती एन्मोरची एकुलती एक वारस. जन्म १६५१, बाप लहानपणीच वारला. देखणी, आणि जमिनीचं उत्पन्न भरपूर, त्यामुळे स्थळांची रांग. त्यांत कवी आणि दरबारातला उडाणटप्पू तरुण जॉन विल्मट, रॉचेस्टरचा अर्ल. राजा दुसरा चार्ल्स त्याच्यासाठी शब्द टाकत होता, घरची मंडळी ऐकत नव्हती.

लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस याने २८ मे १६६५ च्या नोंदीत हकीकत लिहिलीय. व्हाइटहॉलला रात्रीचं जेवण आटोपून एलिझाबेथ आजोबा लॉर्ड हॉली यांच्याबरोबर बग्गीतून मुक्कामी चालली होती. चेरिंग क्रॉसला घोडेस्वार आणि पायदळी माणसांनी बग्गी अडवली, तिला जबरदस्तीने ओढून सहा घोड्यांच्या दुसऱ्या बग्गीत घातलं. आत तिला सांभाळायला दोन बायका आधीच बसवलेल्या. म्हणजे बेत किती पक्का होता बघा. रॉचेस्टर पकडला गेला, राजाने त्याला लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत टाकलं. ती तेव्हा चौदा वर्षांची. याला 'रोमँटिक किस्सा' म्हणून रंगवतात ते मला मुळीच पटत नाही.

१६६७ च्या जानेवारीत तिने त्याच्याशीच लग्न केलं, ते मात्र घरच्यांना न विचारता, स्वतःहून. तिने लिहिलेल्या कविताही उरल्या आहेत. एक मुलगा, तीन मुली झाल्या. १६८० मध्ये नवरा गेला, १६८१ मध्ये ती आणि तिचा मुलगाही. एन्मोर मुलींकडे, म्हणजे पुन्हा परक्या आडनावांकडे. पेपिसने तिचं आडनाव दोन 'एल' आणि दोन 'टी' लावून लिहिलंय, तेव्हा स्पेलिंगचं कुणालाच सोयरसुतक नव्हतं.

तिने धाकट्या मुलीचं नाव काय ठेवलं माहितीये? मालेट. लेडी मालेट विल्मट. माहेरचं आडनाव पुढे चालवणारं कुणी उरलं नाही, तेव्हा ते मुलीलाच नाव म्हणून दिलं. या सगळ्या शोधात मला सर्वांत जास्त भिडलं ते हेच.

---

कोकणकडा:

भिडलंच. आणि हे दुसऱ्यांदा झालं ना? तेराव्या शतकात करी आणि शेप्टन मुलींकडे, सतराव्यात एन्मोर मुलींकडे.

---

मुठाकाठ:

नेमकं हेच! हे आडनाव दुर्मीळ का राहिलं, याचं माझ्या दृष्टीने मोठं कारण इथे आहे. थोरल्या घरात मुलगा नसला की जमीन मुलीबरोबर गेली, आणि आडनाव धाकट्या, गरीब पातीबरोबर राहिलं. चार्ल्सचा बाप गावचा रेक्टर आणि मुलगा नशीब काढायला मुंबईला, तो याचमुळे. जहागीर असती तर अठराव्या शतकात सतरा-अठरा वर्षांच्या पोराला कोण सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाला धाडेल? कंपनीच्या नोकरीत अशाच घरांतली मुलं भरलेली होती: नाव जुनं, हातात काही नाही. हिंदुस्थानातल्या पैशावर त्यांनी परत घरं उभी केली. मालेटांचं बॅरोनेटपद विल्टशरमधल्या विल्बरी हाउसच्या नावाने आहे आणि विसाव्या शतकातही चालू होतं.

शिवाय मध्ययुगात लोकसंख्या एकदा कोसळली की छोट्या घरांची नावं सहज पुसली जात. १३४८ च्या प्लेगमध्ये इंग्लंडातली तिसरा हिस्सा माणसं तरी मेली, कदाचित निम्मी. दहा घरांचं आडनाव तिथेच संपू शकतं. स्मिथ संपत नाही, कारण लोहार गावोगाव आहे.

---

शंकासुर:

उत्तर पटलं, धन्यवाद. मग नेपोलियनविरुद्ध कट करणारा जनरल मालेट? तोही यांच्यातलाच म्हणायचा का? स्पेलिंग तर हेच.

---

मुठाकाठ:

क्लोद-फ्रांस्वा द मालेट. २३ ऑक्टोबर १८१२ च्या पहाटे, नेपोलियन रशियात मेला अशी खोटी बातमी घेऊन त्याने पॅरिसमध्ये सत्ता घ्यायचा प्रयत्न केला आणि आठवड्याच्या आत, २९ तारखेला, गोळ्या खाऊन मेला. तो फ्रान्सच्या पूर्व भागातल्या डोलचा. नॉर्मंडीच्या मालेटांशी त्याला जोडणारा धागा माझ्या वाचनात नाही, आणि स्पेलिंग हा धागा नव्हे. संत मालोपासून किंवा टोपणनावावरून हे नाव फ्रान्सभर वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे तयार झालेलं असणार. तुमचा पहिला आक्षेप इथे शंभर टक्के लागू पडतो.

ग्राव्हिलची खरी फ्रेंच शाखा हवी असेल तर लुई मालेट द ग्राव्हिल बघा. पंधराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सचा अ‍ॅडमिरल होता, १५१६ मध्ये वारला. बकलांच्या ढालीवाले ते हेच.

---

खवय्या_नाशिककर:

भाबडा प्रश्न, रागावू नका. करी मॅलेट म्हणजे आपल्या करीशी काही? चार्ल्स मालेट पुण्याहून मसाले घेऊन गेला असं काही?

---

मुठाकाठ:

नाही हो, रागवायचं कशाला. करी मॅलेट हे गाव त्या नावाने मध्ययुगापासून आहे. शेजारी नॉर्थ करी आणि करी रिव्हेल अशीही गावं आहेत. तिथला 'करी' हा इंग्लिश भाषेच्याही आधीचा जुना स्थळवाचक शब्द. शेप्टनचा अर्थ मात्र स्वच्छ आहे, मेंढ्यांचं गाव.

शेप्टन मॅलेटचा तुरुंग सतराव्या शतकापासून २०१३ पर्यंत चालू होता. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडतील म्हणून राष्ट्रीय दप्तर बाहेर हलवलं, त्यातलं काही या तुरुंगात ठेवलं होतं, आणि त्यात डूम्सडेची मूळ प्रतही होती. रॉबर्ट मालेटच्या जमिनींची यादी मालेटांच्या नावाच्या गावात मुक्कामाला!

---

लंडनस्थ_वऱ्हाडी:

काय सांगता! आता पुढच्या सुट्टीत सॉमरसेट नक्की. कुणाला त्या घराण्याचे कागद बघायचे असतील तर कुठून सुरुवात करावी? मला पुण्याच्या काळातलं हवंय.

---

दप्तरी:

घरबसल्या हवं असेल तर सरदेसायांनी संपादित केलेला 'पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्स'चा दुसरा खंड, १९३६ चा. जुन्या ग्रंथालयांत मिळतो आणि जालावरही आहे. तो हातात घेतल्यावर एका बाजूला मराठी साधनं उघडी ठेवा, कारण मालेट जे कलकत्त्याला कळवतो आणि त्याच दिवसांबद्दल आपले कारकून जे लिहितात, त्यांत पुष्कळदा अंतर पडतं. लंडनला आहातच, तर ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचे कागद आहेत. वाचकपत्र तिथेच करून देतात, त्याला कुठली कागदपत्रं लागतात ते आधी बघून जा. आणि काही सापडलं तर याच धाग्यावर टाका.

---

लंडनस्थ_वऱ्हाडी:

नक्की, काका. १७९० च्या मे-जूनपासून सुरुवात करतो.